तीन नमो मरियांइतकं अंतर

वसईकडच्या सांडोरमध्ये मुलीची पहिली कम्युनियन जवळ आली की आया आधी आल्बिना डाबरेकडे जातात, मग फादरांकडे. फ्रॉकसाठी नाव तीन महिने आधी घालावं लागतं. आल्बिना वायदा चुकवत नाही, उरलेलं कापड ठेवून घेत नाही आणि माप घेताना पोरीशी पोरीसारखंच बोलते. दात पडलेली, गुडघे फुटलेली कुठलीही पोर तिने शिवलेला पांढरा फ्रॉक घालून वेदीपुढे उभी राहिली, की तिच्या आईलाच ती ओळखू येत नाही. हे सगळं गाव कबूल करतं. त्यापुढे मात्र गाव एक वाक्य जोडतंच, की बाई कामाची चोख, पण पोरीच्या बाबतीत जरा जास्तच आहे.

‘जरा’ हा गावाचा चांगुलपणा.

आल्बिनाच्या कमरेला दिवसभर एक कापडी बटवा असतो. त्यात शिंप्याचा खडू, टेप, टाचण्यांची डबी आणि एक निळा पंप. पंप तिचा नव्हे, टिफनीचा. टिफनी तिची एकुलती एक मुलगी, अकरा वर्षांची, सहावीत. तिला चौथ्या वर्षी दमा निघाला आणि त्या दिवसापासून तो बटवा आल्बिनाच्या कमरेला बसला तो बसलाच. चर्चमध्ये मिस्साला जाताना साडीवरही तो असायचा. लग्नाच्या फोटोंत सगळ्या बायकांच्या हातांत पर्स आणि आल्बिनाच्या कमरेला बटवा. दुरून बघणाऱ्याला वाटावं, ही वऱ्हाडी नसून नवरीचा झगा ऐनवेळी उसवला तर शिवायला आलेली आहे.

धूळ धरतात म्हणून घरातले पडदे तिने केव्हाच काढले. मागच्या वाडीत केळीचा सुका पाला जाळायची सासऱ्यांच्या काळापासूनची रीत होती, ती तिने बंद केली. पाला आता खड्ड्यात जातो. नवरा स्टॅनी सातिवलीला प्लास्टिकच्या कारखान्यात सुपरवायझर. तो घरी आला की आधी विहिरीवर आंघोळ, मग उंबरठा. जानेवारीतही. “मला एकदा धुऊन, पिळून, दोरीवरच टाकत जा,” असं तो कुडकुडत म्हणायचा, पण आंघोळ करायचा. बायकोशी कुठल्या गोष्टीवर वाद घालायचा आणि कुठल्या नाही, हे त्याला लग्नानंतर वर्षभरात कळलं होतं.

हे सगळं ठीकच होतं. डॉक्टरही ठीक म्हणायचे. ठीक नव्हतं ते पुढचं. टिफनीने धावायचं नाही. जिने चढायचे ते सावकाश. लंगडी नाही, दोरीउड्या नाहीत, पकडापकडी नाही. दर जूनमध्ये शाळेत आल्बिनाची चिठ्ठी जायची, ‘माझ्या मुलीस दम्याचा विकार असल्याने तिला खेळाच्या तासास बसवून ठेवावे.’ शाळा बसवून ठेवायची. मैदानाच्या कडेला भेंडीच्या झाडाखाली एक कट्टा आहे. तिथे टिफनी बसायची आणि पोरं आपली घड्याळं, पाण्याच्या बाटल्या, केसांची रबरं तिच्या मांडीवर टाकून पळायची. वर्गात तिचं नाव ‘लॉकर’ पडलं होतं. हे तिने घरी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आल्बिना शाळेत जाऊन त्या पोरांना बोलली असती, आणि मग लॉकरपेक्षा वाईट नाव पडलं असतं.

बसून बसून पोरगी जड झाली. चर्चच्या पायऱ्या चढताना धापा टाकू लागली. ती धाप बघून आल्बिना म्हणायची, “बघितलंस? म्हणून मी सांगते पळू नको.” पोरीला आता बसल्यामुळे धाप लागते, हे तिला सुचलं नाही असं नाही. सुचलेलं तिने बाजूला ठेवून दिलं.

कारण विचारलं तर कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. आल्बिनाचं माहेर गिरीजचं, आईचं नाव जुलियाना. तिचा धाकटा भाऊ स्टीवन, नऊ वर्षांचा, खेळता खेळता गेला. वाडीत पकडापकडी चालली होती, पोराला दमा होता, दम लागला आणि गेला. तेव्हा आल्बिना बारा वर्षांची होती. एकतीस वर्षं झाली, तरी गिरीजमध्ये कोणी पोर फार पळायला लागलं की एखादी म्हातारी अजून म्हणते, “बस आता. जुलियानाचा स्टीवन आठव.” ज्या घरात असं झालं त्या घरातली बाई आपल्या पोरीला बसवून ठेवत असेल, तर तिला कोण काय बोलणार?

आल्बिनाही हेच सांगायची. धावण्याने गेला. सांगून सांगून ते तिच्या तोंडात इतकं बसलं होतं, की सांगताना आता आवाजही हलायचा नाही. खरी गोष्ट थोडी वेगळी होती आणि ती तिने कोणालाच सांगितली नव्हती. पापनिवेदनाला दर नाताळच्या आधी जायची, तिथेही नाही.

वसईला डॉक्टर ज्ञानदा म्हणून बालरोगतज्ज्ञ आहेत. वयाने आल्बिनापेक्षा लहान, बोलायला गोड, पण गोड बोलून नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवणाऱ्या. गेल्या सप्टेंबरात टिफनीला तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, “खेळतेस काय?”

टिफनीने आईकडे बघितलं.

“ती नाही खेळत,” आल्बिना म्हणाली.

“का?”

“दमा आहे ना, मॅडम.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “दमा आहे म्हणूनच खेळायला हवं. रोजचा पंप सकाळ-संध्याकाळ नेमाने घ्यायचा, तो तुम्ही देता, छान. खेळण्याआधी पंधरा मिनिटं निळ्या पंपाचे दोन दाब. मग एकदम धूम ठोकायची नाही. आधी चालणं, हळू पळणं, अंग तापवणं, आणि मग खेळ. धूर असेल, सर्दी-खोकला असेल, त्या दिवशी सुट्टी. बाकी दिवशी मोकळं सोडायचं. मुलांना दम लागतो म्हणून आपण बसवतो, आणि बसवल्यामुळे त्यांना आणखी दम लागतो. हे दिसतंय ना तुम्हाला?”

आल्बिनाने मान हलवली. मान हलवण्यात ती पटाईत होती.

“निळा पंप कुठे असतो?”

“माझ्याजवळ, चोवीस तास.” तिने बटव्यावर हात ठेवला. शाबासकी मिळेल असं तिला वाटलं असावं.

“आणि टिफनी शाळेत असते तेव्हा तुम्ही कुठे असता?”

“घरी. मशीनवर. शाळा जवळच आहे, मॅडम. निरोप आला की पाच मिनिटांत पोचेन.”

 डॉक्टरांनी चिठ्ठीवर आणखी एक निळा पंप लिहिला आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मुलीजवळ ठेवणे’. आल्बिनाने तो घेतला, घरी आणला आणि पहिला संपला तर असावा म्हणून कपाटात ठेवून दिला. पोरीच्या हाती दिला तर हरवेल, पोरं बघतील, हसतील, उद्या चार घरी बोलतील. पोरीची जात. अशी चार कारणं तिने स्टॅनीला सांगितली. पाचवं सांगितलं नाही, ते असं, की पंप पोरीजवळ असला तर पोर आपल्यापासून लांब जाईल. पंप पोरीजवळ असावा म्हणून ही बाई पोरीलाच पंपाजवळ ठेवत होती.

पोरं मात्र पोरंच असतात. नोव्हेंबरात शाळा सुटल्यावर श्रीरंग सर खो-खोचा सराव घेऊ लागले. सर सांगलीकडचे, वसईला फ्लॅट घेऊन राहिलेले, खो-खो हे त्यांचं वेड. मैदानाची धूळ उडू नये म्हणून सरावाआधी स्वतः नळी धरून पाणी मारायचे. टिफनीने घरी सांगितलं की वाचनालयात बसते. आणि कट्ट्यावर बसायला लागली. मग बसणाऱ्यांच्या रांगेत एक मुलगी कमी पडली म्हणून एकदा नुसती उकिडवी बसली. मग एकदा कोणीतरी पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हटलं, आणि ती उठून पळाली. दमा निघाल्यापासून पहिल्यांदा पळाली. सरांना चिठ्ठीची आठवण होती. त्यांनी तिला विचारलं, तर ती म्हणाली, “मम्मी हो म्हणाली.” सरांनी विश्वास ठेवला. तो त्यांना ठेवायचाच होता, कारण पोरगी वळायला भलतीच चपळ निघाली.

तीन आठवडे काही झालं नाही. मग डिसेंबरातल्या एका गुरुवारी शेजारच्या वाडीत कोणीतरी पाला पेटवला. हवेत गारठा होता, धूर खालीच राहिला. टिफनीला सकाळपासून सर्दी होती आणि तिने ती आईपासून लपवली होती, कारण सर्दी म्हणजे शाळा बंद.

साडेचारच्या सुमारास आल्बिना मशीनवर होती. दारात एक पोरगी उभी राहिली, धापा टाकत. “आंटी, चला. टिफनीला श्वास येत नाहीये. मैदानावर.”

आल्बिना उठली ती चपला न घालताच. कापडात सुई तशीच, मशीनचं चाक अजून फिरत होतं. आळूच्या वाफ्यांमधली पायवाट, पुढे डांबरी रस्ता, वळण, क्रूस, पुन्हा वळण. बटवा तिने मुठीत आवळून धरला होता. आणि धावता धावता तिच्या ओठांवर आपोआप नमो मरियेची प्रार्थना आली. एक झाली. दुसरी झाली. तिसरी झाली, आणि ती क्रुसापर्यंतसुद्धा पोचली नव्हती.

इथे तिची खरी गोष्ट सांगायला हवी.

त्या दिवशी गिरीजच्या वाडीत स्टीवन केळीखाली बसून श्वास ओढत होता. बापाने दुपारपासून सुका पाला जाळला होता. आई जुलियानाने पोराला छातीशी धरलं आणि ओरडून सांगितलं, “आल्बिना, पंप आण!” आल्बिना घरी धावली. डॉक्टरांनी दिलेला नवा पंप आल्तारावर, घरातल्या देवघरात होता. त्या घरात मोलाची वस्तू आल्तारावरच राहायची. बाप्तिस्म्याचे दाखले, सातबारा, पुढच्या वर्षीचं दुधीचं बी, सगळं संतांच्या पायाशी. आणि आल्तारावरून काही उचलायचं तर नियम होता. जे तिथे ठेवलं ते देवाचं झालं. घ्यायचं तर आधी मेणबत्ती लावायची, तीन वेळा नमो मरिया म्हणायची, मग हात लावायचा. जुलियानाने हा नियम पोरांना भाताच्या घासाबरोबर भरवला होता.

बारा वर्षांची आल्बिना स्टुलावर चढली. पंप तिच्या हाताशी होता. तिने आगपेटी घेतली. ती दमट होती. एक काडी मोडली, दुसरी मोडली, तिसरी पेटली. मग तिने हात जोडले आणि तीन वेळा पूर्ण, एकही शब्द न गाळता प्रार्थना म्हटली. नियम मोडला तर देव ऐकणार नाही आणि भाऊ बरा होणार नाही, असं तिला वाटलं. मग पंप घेऊन ती धावली. वाडीत पोचली तेव्हा स्टीवनचे ओठ जांभळे झाले होते. टेम्पोतून नेईपर्यंत तो गेला होता.

धावण्याने गेला, असं लोक म्हणाले. आल्बिनाने ते ऐकलं आणि बुडणाऱ्याने ओंडका धरावा तसं धरून ठेवलं. धावण्याने गेला असेल तर मग तिच्यामुळे गेला नाही. स्टॅनीच्या घरी संध्याकाळी रोजरी होते. सुरुवातीला तीन मण्यांवर तीन नमो मरिया असतात. त्या तिन्हींच्या वेळी आल्बिनाचा आवाज बसायचा आणि स्टॅनीला वाटायचं, हिला खोकला आलाय.

आता शाळेच्या फाटकाशी ती पोचली तेव्हा चौदा नमो मरिया झाल्या होत्या.

टिफनी कट्ट्यावर बसली होती. पुढे वाकून, कोपरे गुडघ्यांवर टेकवून. शेजारी श्रीरंग सर उकिडवे, तिच्या डोळ्यांत बघत सावकाश बोट वर-खाली करत तिला श्वासाचा ठेका देत होते. तिच्या हातात एक पंप होता. निळा, पण अंगावर क्रिकेटचं स्टिकर. टिफनीने आईकडे बघितलं, ओठ हलवले. ओठ गुलाबी होते.

“विघ्नेशचा पंप आहे,” सर उभे राहिले. मुलांच्या संघातला एक काटकुळा मुलगा मागे उभा होता, एक मोजा घोट्यापर्यंत उतरलेला. “त्यालाही दमा आहे. मोज्यात घेऊन खेळतो. त्याने लगेच दिला. पाच-सात मिनिटं झाली, आता उतरतंय.”

आल्बिनाचा राग सरांवर फुटला. तो कुठेतरी फुटायचाच होता. “माझी चिठ्ठी वाचली नव्हती तुम्ही? बसवून ठेवा असं लिहिलं होतं. लिहिलं होतं की नाही?”

“लिहिलं होतं,” सर म्हणाले. “तुम्हाला विचारायला हवं होतं मी. नाही विचारलं. चुकलं.” मग त्यांनी विचारलं, “पण मॅडम, तिच्या दप्तरात पंप का नव्हता?”

आल्बिनाने मूठ उघडली. बटवा घामाने ओला झाला होता. आतला पंप कोरडा, अगदी व्यवस्थित, सुरक्षित होता. ती कट्ट्यावर बसली, पोरीच्या शेजारी, सगळ्या घड्याळांच्या आणि बाटल्यांच्या मधे, आणि तिला रडू आवरेना. विघ्नेश घाबरला. त्याला वाटलं, पंप दिला ते चुकलं. त्याला जवळ घ्यावं, काहीतरी म्हणावं असं तिला फार वाटलं. पण तिने नुसता त्याचा उतरलेला मोजा वर ओढून नीट केला.

त्याआधीच्या रविवारी टिफनी अंथरुणात एकटीच पुटपुटत होती, “खो... खो...” आल्बिनाला वाटलं होतं झोपेत खोकतेय. आता आठवलं तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली.

शनिवारी ती गिरीजला गेली, एकटी. जुलियाना चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, नवरा जाऊन दहा वर्षं झाली. वाडी आता भाड्याने दुसरे लोक करतात. तरी म्हातारी रोज एकदा केळींमधून फिरून येते. आल्बिना पोचली तेव्हा ती पडवीत वालाच्या शेंगा सोलत होती. आत आल्तार होता तिथेच होता. फक्त त्यावर मेणबत्ती नव्हती. तिथे वर्षानुवर्षं एक छोटा लाल बल्ब जळतो. गावात सगळ्या घरांत मेणबत्ती लागते, या घरात नाही. पोर गेल्यापासून जुलियाना देवावर रुसली आहे, असं लोक समजायचे. आल्बिनाही तसंच समजायची.

ती आईसमोर बसली, चार शेंगा सोलल्या आणि बोलायला लागली. मेणबत्ती, आगपेटी, दोन मोडक्या काड्या, तीन नमो मरिया. काही वगळलं नाही. शेवटी म्हणाली, “बय, माझ्यामुळे गेला तो. मी पंप उचलून सरळ यायला हवं होतं.”

जुलियानाचे हात शेंगांतच राहिले होते. 

“मला ठाऊक होतं, गो,” ती म्हणाली.

आल्बिनाने वर बघितलं.

“आम्ही त्याला घेऊन परत आलो तेव्हा मेणबत्ती जळत होती. अर्धी संपली होती. खाली तीन काड्या पडल्या होत्या. दोन कोऱ्या, एक जळकी. तू कोपऱ्यात बसली होतीस. मी बघितलं आणि सगळं समजले. फुंकली ती. मग पुन्हा नाही लावली.”

“मग बोलली का नाहीस? एकतीस वर्षं, बय!”

“काय बोलू? नियम माझा होता.” म्हातारीने हातातली शेंग टोपलीत टाकली. “तुला धाडलं तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, पोरी, मेणबत्ती राहू दे, आधी पंप आण. एवढं एक वाक्य. ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मला वाटायचं, एक दिवस तू विचारशील, बय, असला कसला नियम केलास? म्हणून मी तुझ्यापुढे गप्प बसायची.”

“आणि मी तुझ्यापुढे.”

मायलेकी वालाच्या टोपलीच्या दोन बाजूंना बसून रडल्या. पुरतं रडून झाल्यावर जुलियानाने पदराने नाक पुसलं आणि विचारलं, “टिफनी किती पळते?”

“चपळ आहे म्हणतात. सर म्हणतात.”

“डॉक्टर काय म्हणते?”

“पळू दे म्हणते. पंप जवळ ठेव म्हणते.”

“मग?” म्हातारीने टोपली पुढे ओढली. “तिला बसवून स्टीवन उठणार आहे का?”

सांडोरला परतल्यावर आल्बिनाने कपाटातून खो-खोची चड्डी काढली. सरांनी टिफनीला दिलेली आणि टिफनीने दप्तराच्या तळाशी लपवलेली ती चड्डी आईला गुरुवारीच सापडली होती. खिसा कुठे लावायचा हा प्रश्न होता. पुढे लावला तर उकिडवं बसताना पंप पोटात टोचणार. बाजूला लावला तर पळताना मांडीवर आपटणार. बाईने पोरीला खोलीच्या मधोमध उभं केलं. “बस. ऊठ. वळ. पुन्हा बस. पाठीवर थाप पडली समज. पळ.” टिफनी खोलीतल्या खोलीत पळाली, स्टॅनी पलंगावर पाय वर घेऊन बसला, त्याला हसू लपवता येईना. शेवटी खिसा मागे, कमरेच्या पट्ट्याखाली डावीकडे बसला. आत मऊ अस्तर, वर झडप, झडपेला चिकटपट्टी, दोन्ही बाजूंना दुहेरी टीप. कम्युनियनच्या फ्रॉकलाही आल्बिनाने इतका वेळ कधी लावला नव्हता.

शाळेत नवी चिठ्ठी गेली. ‘खेळाआधी पंधरा मिनिटे टिफनीने पंप घ्यावा, दहा मिनिटे अंग तापवावे. सर्दी किंवा धूर असल्यास बसावे. नाहीतर खेळावे.’ ‘नाहीतर खेळावे’ हे दोन शब्द लिहायला तिला पाऊण तास लागला.

सराव सुरू झाला. पहिले काही दिवस ती कुंपणाबाहेर उभी राहायची, पिशवीत भाजी असल्यासारखं करून. सरांनी बघितलं, न बघितल्यासारखं केलं. एके दिवशी टिफनीच घरी येऊन म्हणाली, “मम्मी, तू तिथे असलीस की मी सारखी तुझ्याकडेच बघते. मग आउट होते.” आल्बिनाला ते फार लागलं. पण खरं होतं.

जानेवारीत शाळांचे सामने होते. टिफनीच्या शाळेचा सामना त्यांच्याच मैदानावर, शनिवारी चार वाजता. साडेतीनला दारात रिक्षा थांबली आणि जुलियाना उतरली, हातात वेताची पिशवी.

“बय? तू कशी?”

“तुझ्याजवळ बसायला आले. आज तू धावायचं नाही.”

चार वाजले. वाऱ्याबरोबर शिट्टीचा आवाज आला. आल्बिना मशीनवर बसली. एक बाही घेतली, उलटी जोडली, उसवली. तिचा हात पुन्हा पुन्हा कमरेकडे जात होता. बटव्यात खडू होता, टेप होता, टाचण्या होत्या. जुलियाना तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि तिने लेकीचा तो हात आपल्या हातात धरून मांडीवर ठेवला, लहानपणी मिस्साला धरायची तसा. दोघींच्या समोर भिंतीवर डाबऱ्यांचा आल्तार होता. त्यावरची मेणबत्ती नेहमी स्टॅनी लावायचा. आल्बिनाने या घरात आल्यापासून ती कधी लावली नव्हती.

मैदानावर मोठा गलका झाला. आल्बिना अर्धवट उठली. जुलियानाने हात सोडला नाही.

“लावूया का, बय?” आल्बिनाने विचारलं. डोळे आल्ताराकडे. “पोरीसाठी एकदा.”

म्हातारीने मान हलवली. “नाही. आधी पोर घरी येऊ दे.”

साडेपाचला पायवाटेवर पावलं वाजली. एकीची नव्हे, पाच-सहा पोरींची. फाटकाशी हसणं, ओरडणं, आणि मग एकटी टिफनी आत. गुडघा सोललेला, वेणी सुटलेली, चड्डीवर मातीचा पट्टा. ती दारात उभी राहिली आणि तिची छाती वर-खाली होत होती. आल्बिनाने ती छाती बघितली. कान देऊन ऐकलं. श्वासात शीळ नव्हती.

“हरलो,” टिफनी म्हणाली. “एका गुणाने.”

“दम लागला?”

“लागला ना. सगळ्यांनाच लागला.”

आल्बिनाला हे वाक्य पुन्हा ऐकायचं होतं, पण तिने विचारलं नाही. “पंप?”

“आधी दोन घेतले. मग लागलाच नाही.” टिफनीने मागे हात नेऊन खिसा थोपटला. आल्बिनाने सवयीने हात पुढे केला, पंप घेऊन बटव्यात ठेवायला. टिफनीने त्या हाताकडे बघितलं. “असू दे की माझ्याकडे.”

आल्बिनाने हात मागे घेतला. “असू दे,” ती म्हणाली.

टिफनी पाणी प्यायला आत गेली. घागरीवर भांडं वाजलं. जुलियाना सावकाश उठली, आल्तारापाशी गेली आणि वेताच्या पिशवीतून तिने कागदात गुंडाळलेली एक पांढरी मेणबत्ती काढली.

“आलं ना पोर घरी?” ती म्हणाली. “आता काडेपेटी दे.”